पिल्लाला इतके डोस कशाला? कुत्र्या-मांजरांच्या फाइलीतल्या तारखांमागचं गणित

पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात दवाखान्याची फेरी होते. डॉक्टर लस टोचतात आणि फाइलवर तीन आठवड्यांनंतरची तारीख टाकतात. त्या तारखेला पुन्हा तीच लस, मग तीन-चार आठवड्यांनी आणखी एकदा तीच. तिसऱ्या खेपेला घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘‘एकदा दिलीय ना? मग परत परत तेच कशाला? पैसे काढायचे धंदे!’’ पिल्लू तर ठणठणीत असतं, चपला फाडत घरभर हुंदडत असतं. मग एक तारीख हुकते. बहुतेकदा हुकते ती शेवटची, आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा डोस तोच असतो.

शंका रास्त आहे. तिचं उत्तर मात्र दवाखान्याच्या गर्दीत कुणी निवांत बसून देत नाही. म्हणून ते इथे जरा सविस्तर.

पिल्लू जन्मतं तेव्हा आजारांशी लढण्याची त्याची स्वतःची तयारी नसल्यासारखीच असते. त्याला अँटिबॉडीज मिळतात त्या मुख्यतः आईच्या चिकातून, आणि त्याही जन्मानंतरच्या साधारण पहिल्या दिवसभरात. नंतर कितीही दूध प्यायलं तरी आतड्यातून त्या रक्तात उतरत नाहीत. हा साठा म्हणजे शिकायला गेलेल्या मुलाला आईने बांधून दिलेला डबा समजा. डबा आहे तोवर पोटाची काळजी नाही. पण डबा आहे तोवर मुलगा स्वयंपाकही शिकत नाही. पिल्लाच्या अंगात आईच्या अँटिबॉडीज भरपूर असताना लस दिली, तर त्या लसीतल्या विषाणूलाच निकामी करतात. पिल्लाच्या शरीराला काही शिकायची संधीच मिळत नाही आणि तो डोस वाया जातो.

हा साठा दर नऊ-दहा दिवसांनी साधारण निम्मा होत जातो. आईकडे मुळात किती अँटिबॉडीज होत्या, पिल्लाच्या वाट्याला किती चीक आला, यावर तो कधी संपेल ते ठरतं. एकाच वेतातल्या दोन भावंडांचाही साठा एका दिवशी संपत नाही. एखाद्याचा सहाव्या आठवड्यातच संपतो, एखाद्याचा चौदाव्या-पंधराव्या आठवड्यापर्यंत पुरतो. वाईट भाग असा, की संपत आलेला साठा खऱ्या आजाराला अडवायला कमी पडतो, पण लसीला अडवायला पुरेसा असतो. हे दोन-तीन आठवडे पिल्लू उघडं पडतं. लस दिलेली असूनही पिल्लं पार्व्होने, म्हणजे रक्ताचे जुलाब लावणाऱ्या विषाणूच्या आजाराने, जातात, त्यातली बरीच या काळात.

म्हणून दुसरा आणि तिसरा डोस पहिल्याचा जोर वाढवायला दिलेला नसतो. पहिला वाया गेला असेल तर दुसरा लागू पडावा, तोही गेला असेल तर तिसरा, असा तो हिशेब आहे. छोट्या पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जी जागतिक संघटना आहे, तिची शिफारस अशी: सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात, दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. बाराव्या आठवड्यात ‘कोर्स पूर्ण’ असा शिक्का मारून घरी पाठवलं असेल, तर आपणहून विचारा की सोळाव्याचा डोस कधी. याच संघटनेने २०२४च्या शिफारशींत आणखी एक डोस सहा महिन्यांच्या आसपास द्यावा असं म्हटलं आहे, म्हणजे त्यातूनही कुणी निसटलं असेल तर वर्षभर थांबावं लागू नये.

मांजराच्या पिल्लांनाही हेच गणित लागू आहे. त्यांच्यातला पार्व्होचा भाऊबंद म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. त्यासोबत सर्दी-शिंका, डोळे आणि तोंडातल्या जखमा देणारे हर्पीस आणि कॅलिसी हे दोन विषाणू. दवाखान्यात या तिघांवरच्या लसीला ‘ट्रायकॅट’ म्हणतात. ‘मांजराला कसली आलीय लस’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येतं, आणि तीनच दिवसांत वेतातली सगळी पिल्लं गेलेली घरंही दिसतात.

पार्व्होचं भय का

पार्व्हो हा कुत्र्यांतला तसा नवा आजार. १९७८च्या सुमारास तो पहिल्यांदा ध्यानात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. शरीरात जिथे पेशी भराभर वाढतात तिथे हा विषाणू घर करतो: आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. त्यामुळे एकीकडे उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब, आणि दुसरीकडे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचीच वाताहत. पिल्लू मरतं ते पाणी आणि क्षार निघून जाऊन, किंवा फाटलेल्या आतड्यातून जंतू रक्तात शिरून. विषाणू मारणारं सोपं औषध हाताशी नाही. सलाइन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक, ऊब, आणि वाट बघणं. वेळेत नेलेली पुष्कळ पिल्लं वाचतात. घरी डाळिंबाचा रस नि ताक पाजत दोन दिवस काढलेली फारशी वाचत नाहीत.

हा विषाणू जमिनीत, फरशीच्या सांध्यात, पायपुसण्यात महिनोन्महिने टिकतो. आपल्याकडचं नेहमीचं फिनेल त्याला पुरत नाही. घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी अशा प्रमाणात, आधी फरशी साबणाने स्वच्छ करून मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं. तेव्हा तो मरतो. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं, तिथे सहा महिने ते वर्षभर लस न झालेलं नवं पिल्लू आणू नये. दुःख विसरायला लोक पंधराच दिवसांत दुसरं आणतात, आणि पुन्हा तेच होतं.

मग सोळा आठवडे पिल्लाला कोंडून ठेवायचं का? नाही. तीन ते चौदा आठवडे हाच त्याचा जग ओळखण्याचा काळ असतो. रिक्षाचा आवाज, लहान मुलं, छत्री, कुकरची शिट्टी या सगळ्याची ओळख तेव्हा झाली नाही, तर पुढे घाबरट आणि चावरा कुत्रा तयार होतो. कडेवर घेऊन फिरवा, लस झालेल्या कुत्र्यांच्या घरी न्या. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या ज्या मातीत सगळे कुत्रे जातात, तिथे तेवढं खाली सोडू नका.

फाइल उघडून बघा

लस कशी देतात ते एकदा नीट पाहून ठेवण्यासारखं आहे. छोट्या बाटलीच्या तळाशी पांढरी, सुकी वडी असते. डॉक्टर दुसऱ्या बाटलीतलं द्रव सिरिंजने ओढून त्यात सोडतात, हलवतात, आणि लगेच मानेमागे किंवा खांद्याजवळ कातडीखाली टोचतात. मग बाटलीवरचा स्टिकर सोलून फाइलवर चिकटवतात, त्याच्या शेजारी तारीख आणि सही करतात. त्या स्टिकरवर लसीचं नाव, बॅच आणि मुदत असते. ही बाटली कंपनीतून निघाल्यापासून २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. कुणी पिशवीत घालून दुपारच्या उन्हात दुचाकीवरून आणून घरी टोचली, तर सुई टोचल्याचं समाधान तेवढं मिळतं.

पिल्लू विकत घेतलंत, ‘दोन डोस झालेत’ असं सांगितलं, आणि हातात दिलेल्या कार्डावर पेनाने मारलेल्या दोन बरोबरच्या खुणा आहेत. स्टिकर नाही, डॉक्टरांची सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. तर एकही डोस झालेला नाही असं समजून सुरुवात करा. एखादा डोस जास्त झाला तर काही बिघडत नाही.

दरवर्षीच्या लसींवरूनही घोळ असतो. डिस्टेंपर (श्वसन आणि मेंदूवर जाणारा विषाणू), पार्व्हो आणि यकृत धरणारा अडेनो विषाणू, या तिघांवरची लस पिल्लूपणी नीट लागली की तिचा परिणाम वर्षानुवर्षं टिकतो. जागतिक शिफारस तीन वर्षांतून एकदा अशी आहे. आपल्याकडे मात्र लसी जोडगोळीने येतात आणि त्यांच्यातल्या लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीतून येणाऱ्या आजाराच्या, लसीचा परिणाम वर्षभराचाच, म्हणून सगळंच दरवर्षी दिलं जातं. ते धोक्याचं नाही. पण तुमच्या डॉक्टरांशी बोलून सुट्या लसी मिळत असतील, तर तसा तक्ता आखता येतो. माझ्या मते या वादात पडण्याआधी आपल्या कुत्र्याचा सोळाव्या आठवड्याचा डोस झाला होता का, हे बघावं.

रेबीज

इथे सवलत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस किंवा जनावर वाचणं जवळपास अशक्य. जगभरात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त भारतात होतात. लस मात्र जुनी आणि भरवशाची. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ती पहिल्यांदा टोचली. कुत्र्या-मांजरांना पहिली लस तीन महिन्यांच्या वयात, आपल्याकडे त्यानंतरची डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग वर्षातून एकदा. पुण्या-मुंबईत पालिकेचा परवाना काढताना याच लसीचा दाखला मागतात. दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊकच आहे. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल.

‘आमचं मांजर घराबाहेर जातच नाही’ हा युक्तिवाद रेबीजला लागू नाही. खिडकीतून वटवाघूळ, जिन्यातून भटकं मांजर, दार उघडं राहिलं की बाहेर पळणारा बोका, यातलं एक पुरतं. शिवाय घरातल्या मांजराने पाहुण्याच्या मुलाला बोचकारलं, तर पहिला प्रश्न फाइलचाच येतो.

चावलं किंवा ओरखडा उठला तर काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. रेबीजच्या विषाणूला साबण सोसत नाही, त्यामुळे हा उपचाराचाच भाग आहे. त्यावर हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावायचं नाही. लगेच दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शनही द्यावं लागतं, त्याची विचारणा करा. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीचीच इतिहासजमा झाली. आता चार-पाच वेळा दंडात टोचतात. चावलेला कुत्रा दहा दिवस ठीकठाक राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. पण हे दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायचे आहेत, लस घ्यायची थांबून राहायचे नाहीत.

गोव्याचं उदाहरण इथे द्यायला हवं. तिथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी घरोघरी आणि गल्लोगल्ली, दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस देण्याचं लक्ष्य धरून काम केलं आणि २०२१मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाला. भटक्यांची लस हा आपला विषय नाही असं वाटत असेल, तर तुमच्या कुत्र्याला रोज संध्याकाळी फाटकाबाहेर भेटतात ते कोण, तेवढं बघा.

मे महिन्यातली एक आठवण

लेप्टोचे जंतू उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात. कातडीवरच्या बारीक जखमेतून किंवा नाका-तोंडातून आत जातात आणि मूत्रपिंड आणि यकृत धरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची साथ आली होती, ते अनेकांना आठवत असेल. कुत्र्यांत ताप, उलट्या, पिवळे डोळे, लघवी कमी होणं अशी लक्षणं दिसतात. पहिल्यांदा देताना लेप्टोच्या लसीचे दोन डोस लागतात, काही आठवड्यांच्या अंतराने, आणि परिणाम टिकतो सुमारे वर्षभर. म्हणजे कुत्र्याची वार्षिक लस ऑक्टोबरात पडत असेल, तर ऐन पावसाळ्यात तिचा शेवटचा टप्पा येतो. कोकणात आणि मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी ही तारीख सरकवून एप्रिल-मेमध्ये आणावी. एवढं सोपं काम आहे, पण कुणी करत नाही. आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नका. हा आजार माणसालाही होतो.

गोचीड कुत्र्यावर कमी आणि भिंतीवर जास्त असते

आपल्या घरांत सर्वांत जास्त त्रास देते ती तपकिरी गोचीड. ती बाकी गोचिडींसारखी रानातच राहत नाही. घरात, बिऱ्हाड केल्यासारखी राहते. रक्त पिऊन फुगलेली, वाटाण्याएवढी राखाडी मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि वर चढत जाते: पडद्याच्या मागे, दाराच्या चौकटीत, स्विचबोर्डाच्या कडेला, भिंतीच्या भेगेत. तिथे ती हजारोंनी अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली सहा पायांची पिल्लं इतकी बारीक असतात की धूळ वाटावी. ती कुत्र्यावर चढतात, पोट भरतं, पडतात, कात टाकतात. पुन्हा चढतात, पडतात, कात टाकतात. मग मोठी होऊन तिसऱ्यांदा चढतात. म्हणजे कोणत्याही दिवशी कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मूठभर. बाकीच्या घरात आहेत. मोठी झालेली गोचीड उपाशीपोटी महिनोन्महिने तग धरते.

हे चक्र डोळ्यांपुढे असलं की ‘आंघोळ घातली, दोन दिवसांनी परत आल्या’ याचं नवल वाटत नाही. त्या परत आल्या नाहीत, त्या तिथेच होत्या. उपाय चिकाटीचा आहे. महिन्याची गोळी, बारा आठवड्यांची गोळी, मानेवर टाकायचे थेंब किंवा पट्टा यांतलं जे डॉक्टर सुचवतील ते किमान तीन-चार महिने एकही तारीख न चुकवता. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी. आणि भिंतीच्या भेगा, स्कर्टिंग, कुत्र्याची गादी यांची सफाई. गोळी घेतलेल्या कुत्र्याला गोचीड चावते आणि मग मरते, म्हणून अंगावर एखादी दिसली तर औषध बोगस असं लगेच ठरवू नका. ज्या कुत्र्याला फिट्स येतात त्याच्या बाबतीत मात्र या गोळ्यांआधी डॉक्टरांना तसं सांगा.

खेड्यापाड्यांत आणि फार्महाऊसवर एक घातक सवय आहे. गाईम्हशींचं गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला त्याची आंघोळ. प्रमाण चुकतं, कुत्रा अंग चाटतो, आणि तासाभरात लाळ गळून झटके सुरू होतात. रॉकेल ओतणं, जळती काडी लावणं, हेही तसंच. गोचीड काढायची तर चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ ओढून. बोटांनी चिरडू नका. स्पिरिटच्या बाटलीत टाका.

एवढा आटापिटा कशासाठी? तर गोचिडीच्या पोटातल्या जंतूंसाठी. त्यांतून होणाऱ्या आजारांना आपण सरसकट टिक फिव्हर म्हणतो. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट पाडतो: ताप, जेवण सोडणं, पोटावर लालजांभळे ठिपके, कधी नाकातून रक्त. बेबेसिया तांबड्या पेशी फोडतो: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद कॉफीसारखी. एर्लिकियाची फसवी गोष्ट अशी, की पहिला ताप कधीकधी आपोआप उतरतो, कुत्रा हिंडाफिरायला लागतो, आणि जंतू मात्र आत दडून राहून महिन्या-वर्षांनी हाडांतला मगजच सुकवायला घेतो. यावरच्या डॉक्सिसायक्लिनचा कोर्स बहुधा २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रा जेवायला लागला म्हणून गोळ्या बंद करणारे पुष्कळ. तसं करू नका. आणि गोळी खाण्यासोबत द्या, नुसती कोरडी घशात ढकलू नका, अन्ननलिकेला जखम होते.

आणि आता या लेखातलं एक वाक्य फ्रिजवर चिकटवण्याजोगं: कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असतं आणि मांजराच्या शरीराला ते निकामी करता येत नाही. थरथर, झटके, मृत्यू. घरात दोन्ही प्राणी असतील, तर कुत्र्याला लावलेलं औषध सुकेपर्यंत मांजराला त्याच्या अंगाशी झोपू देऊ नका.

जंतांबद्दल थोडक्यात. कुत्र्याच्या पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातच मिळतात, मांजराच्या पिल्लाला दुधातून. त्यामुळे ‘अजून बाहेरचं काही खाल्लंच नाही’ हे म्हणणं निरर्थक. पिल्लाचं जंतांचं औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून सुरू होतं, दर पंधरवड्याला, मग महिन्याला, आणि मोठेपणी साधारण तीन महिन्यांतून एकदा. मात्रा वजनावर असते, म्हणून आधी वजन करा. शेपटीखाली तांदळाच्या कण्या चिकटलेल्या दिसल्या तर तो पट्टीसारखा जंत, आणि तो पिसवा गिळल्यामुळे होतो; नुसतं जंताचं औषध देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात तो पुन्हा हजर.

ताटातलं

लॅब्रॅडॉर गुटगुटीत छान दिसतो, हे खरं. पण अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर केलेला एक अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न द्यायचं, एवढाच फरक. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली. कोणत्याही टॉनिकने पावणेदोन-दोन वर्षं मिळत नाहीत. छातीवरून हात फिरवा. बरगड्या दिसू नयेत, पण दाब न देता बोटांना मोजता याव्यात. मोजता येत नसतील तर वाटी लहान करा, आणि आजोबा चहाबरोबर किती बिस्किटं देतात ते विचारा. बहुतेक घरांत गळती तिथेच असते.

दूध-पोळीवर कुत्रा तगतो. धष्टपुष्ट होत नाही, पण तगतो. मांजर तगतही नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला प्राण्यांच्या मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय पसरत जातं. घर शाकाहारी असेल तर मांजरासाठी तयार खाद्य आणा, त्यात टॉरिन घातलेलं असतं. मांजरावर आपला आहार लादू नका. तेही जमणार नसेल, तर मग मांजर पाळूच नका.

कांदा-लसूण घातलेली आमटी, रस्सा, बिर्याणीचा तळ: यातला कांदा कच्चा असो वा शिजलेला, तांबड्या पेशी फोडतो. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. दिवाळीतली सुकामेव्याची पेटी उंचावर ठेवा. चॉकलेट, आणि झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री च्युइंगमही तसंच.

कुत्रीचा गर्भाशय आणि बोक्याची लघवी

नसबंदी न केलेल्या कुत्रीचा एक आजार मालकांना ठाऊकच नसतो. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ती सुस्तावते, भांडंभर पाणी पिते, जेवत नाही. बाहेरून स्राव दिसेल, नाहीही दिसेल. गर्भाशयात पू भरलेला असतो. याला पायोमेट्रा म्हणतात. तेव्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया तीच, पण आता तापलेल्या, विषार भिनलेल्या कुत्रीवर. ‘एक वेत होऊ द्यावं, मग करू’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होऊ द्यायची असते, म्हणून नेमकं वय डॉक्टरांकडून ठरवून घ्या. भाटी, म्हणजे मादी मांजर, मात्र चार-पाच महिन्यांचीच गाभण राहू शकते, तिथे रेंगाळू नये.

बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसतो, कुथतो, ओरडतो आणि काहीच होत नाही. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झालंय. बहुतेकदा लघवी तुंबलेली असते. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद, त्यात खडे किंवा चिकट बोळा अडकतो. पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत हृदय थांबू शकतं. रात्री अकरा वाजता लक्षात आलं तर रात्री अकरालाच निघायचं.

मांजर आजार लपवतं. त्याने जेवण सोडलं एवढीच काय ती बातमी मिळते. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी अंगातली चरबी यकृतात साचून यकृत बसतं, म्हणून ‘भूक लागली की खाईल’ म्हणत वाट बघू नका. सात-आठ वर्षांपुढे वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार बाहेरून दिसेस्तोवर बराच पुढे गेलेला असतो. घरबसल्या करण्यासारखी एक तपासणी आहे. प्राणी गाढ झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. कुत्रा असो वा मांजर, तीसच्या आत हवी. रोज तिसाच्या पुढे जात असेल तर हृदय दाखवून घ्या.

राहता राहिला घरातला औषधांचा डबा. मांजराला ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटॅमॉल देणं म्हणजे विष देणं आहे; ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते, कारण ती निकामी करायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. रक्त तपकिरी पडतं, हिरड्या निळसर होतात, तोंड सुजतं. कुत्र्याला आयब्युप्रोफेन दिलं तर जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंड अडचणीत येतं. बुकेतली मोठी, सुवासिक लिली मांजराने चघळली, नुसता तिचा पराग अंगावरून चाटला, तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मांजराच्या घरी ती फुलं नकोतच.

असं काही पोटात गेल्याचं कळलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, ते मीठच वेगळी विषबाधा करतं. डॉक्टरांना फोन लावा आणि निघताना तीन गोष्टी सोबत घ्या: गोळीचं रिकामं पाकीट किंवा चघळलेल्या फुलाचा तुकडा, साधारण किती वाजता खाल्लं ते, आणि प्राण्याचं ताजं वजन. वजन माहीत नसेल तर त्याला कडेवर घेऊन घरातल्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.